पोटात शिवलेलं कापड

"खुरपायला जायचा कंटाळा आला की यांचं पोट दुखतं," डॉक्टरीणबाई नर्सला म्हणाली. मी समोरच टेबलावर पडलेली. साडी सैल केलेली, पोट उघडं. दोघी हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

याच बाईनं नांदेडात माझं सिझर केलं होतं. पोरगी झाली. टाके वाळले, दुखणं काही गेलं नाही. दोन वर्षं हदगावहून एसटीनं खेपा घातल्या. दर वेळी गोळ्या, दर वेळी टोमणा. मग पोटात हाताला गोळा लागायला लागला. तिनं सोनोग्राफी पाहिली अन् माझ्याकडं न बघता म्हणाली, "गाठ आहे. कॅन्सरची असेल. दुसरीकडे दाखवा."

घरी सासूनं माझं ताट-तांब्या वेगळा केला. पोरीला माझ्यापाशी निजू देईना. जित्तेपणीच मेले मी.

भावानं लातूरला नेलं. तिथल्या सर्जननं पोट उघडलं. शुद्धीवर आले तेव्हा ते उशापाशी उभे होते. म्हणाले, "ताई, गाठ नव्हती. कापड होतं. सिझरच्या वेळी रक्त टिपायला घेतात ते. आतच राहिलं, वरून शिवलं." बरणीत दाखवलं. हातरुमालाएवढं, पिवळं, कुजलेलं.

रडू आलं नाही. अंगाची आग झाली.

वकिलाची नोटीस धाडून नांदेडचा केसपेपर काढला. त्यावर लिहिलेलं, कापडं मोजली, बरोबर आहेत. खाली तिची सही. तो जोडून कोर्टात केस टाकली.

मग तिचाच फोन आला, भेटायला या म्हणून. गेले. पहिल्यांदाच तिनं मला खुर्ची दिली. पुढं कागद सरकवला. माझी काही तक्रार नाही, असं त्यावर टाइप केलेलं.

"जिवंत आहेस ना? सही कर अन् विषय संपव."

"न्हाई करत," मी म्हणाले. "अन् अरे-तुरे बंद करा. मी आता तुमची पेशंट न्हाई, फिर्यादी हाय."

तिचा चेहरा उतरला. लई बरं वाटलं मला. खोटं कशाला सांगू.

केस उभी आहे. ती तारखा वाढवून घेते. घेऊ दे. प्रत्येक तारखेला मी मजुरी बुडवून जाते, तिच्यासमोर बसते, टक लावून बघते. तिला मान वर करता येत नाही.

मला तिची माफी नको. भरल्या कोर्टात तिनं कबूल करायचं, अन् तिच्या दवाखान्यावरची पाटी खाली यायची. तोवर मी मागं हटणार न्हाई.