लालबीने थांबवलेला डावा हात

पुंजाराम मोटारवाला सहज बोलून गेला, "जालन्याला मस्तगडात मण्यारांच्या गल्लीत निम्म्या घरांना कुलपं हायेत, बाई." त्याला तीन दिवस झाले, पण सुहासिनीचं कशात लक्ष लागेना. कणीक मळताना, शाळेच्या वह्या तपासताना एकच विचार. त्या कुलपांत बांगड्या भरणाऱ्या लालबीचंही कुलूप असेल का?

अठ्ठेचाळीस सालचा ऑक्टोबर होता. हैदराबाद संस्थानात फौजा शिरून महिना झाला होता. बुलढाण्यात पेढे वाटून झाले होते, सुहासिनीनेही वाटले होते. तिचा धाकटा भाऊ मार्तंड रझाकारांच्या धास्तीने परभणीचं घर सोडून आठ महिने बायकोमुलासह तिच्याकडेच राहत होता. पण आता मोगलाईतून येणारी माणसं दुसऱ्याही काही गोष्टी सांगत, मुसलमान वस्त्यांवर नंतर काय गुदरलं त्या, आणि त्या सांगताना आवाज खाली आणत.

"लालबीची चौकशी करावी म्हणते," ती दुपारी जेवताना म्हणाली.

मार्तंडाने ताटावरून मान वर केली नाही. "आमची चौकशी कुणी केली होती, ताई?"

त्याचंही खोटं नव्हतं.

लालबीची प्रत्यक्ष ओळख एका दिवसाची. चव्वेचाळीसच्या माघात मार्तंडाच्या बायकोचं, उषाचं, डोहाळजेवण होतं, आणि नऊ वर्षांच्या प्रेमलाला घेऊन सुहासिनी परभणीला निघाली होती. देऊळगावराजा मागे पडलं की परमुलूख सुरू. राजा वेगळा, नाणं वेगळं, पाट्या उर्दूत. करोडगिरीच्या नाक्यावर शिपायाने ट्रंकेतली नवी लुगडी पाहिली आणि ट्रंक अडवली. जकातीचं काय ते उद्या जालन्याच्या कचेरीत. सुहासिनीने हे धरलंच होतं. ती बी.ए. झालेली, सगळा प्रवास कागदावर मांडूनच घराबाहेर पडलेली. गुरुवारी जालना, शुक्रवारी ट्रंक सोडवून संध्याकाळची गाडी, शनिवारी डोहाळजेवण. मध्ये रविवारची सुट्टी येत नाही, एवढं तिने आवर्जून पाहिलं होतं.

हिवताप तेवढा कागदावर नव्हता. जालन्याला स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत शुक्रवारी सकाळी तिला उठून उभंही राहवेना.

"मी जाते," प्रेमला म्हणाली. "कामं सांग, मी लिहून घेते."

दूध. कोयनेल. मामाला तार. ट्रंक. चार ओळी, आणि रुमालात बांधलेले जकातीचे पैसे.

"आणि हे बघ," सुहासिनी थरथरत्या आवाजात म्हणाली, "चालत्या माणसाला रस्ता विचारू नकोस. बसलेल्या बाईला विचार."

पोर दाराबाहेर गेली आणि सुहासिनीला आपण काय करून बसलो ते कळलं. पुढे काय झालं ते प्रेमलाने नंतर इतक्यांदा सांगितलं, की ते सुहासिनीला स्वतः पाहिल्यासारखंच आठवे.

धर्मशाळेच्या फाटकाशी बसलेली बाई एकच होती. पुढ्यात बांगड्यांची टोपली, तोंडात पान.

"करोडगिरीची कचेरी कुठं आहे हो?"

"कचेरी हाय तिथंच हाय. पन आज जुम्मा. कुलूप असतंय."

"आज तर शुक्रवार आहे."

"तेच सांगून राह्यले मी. तुमच्याकडं इतवारी सुट्टी, आमच्याकडं जुम्म्याला. आईला कोनी सांगितलं न्हाई का?"

"आई बी.ए. आहे."

"मंग कोनाची छाती होनार सांगायची," लालबी म्हणाली. तिने कागद हातात घेतला, वाचता येत नव्हता तरी नीट पाहिला. "चार कामं हायेत. चल, टोपली धर एका बाजूनं. बिलकुल रडायचं न्हाई."

मण्यारणीचं एक असतं. पुरुष ओसरीवर थांबतात, वाणी दारात थांबतो, ती मात्र थेट माजघरात जाते. हिंदूंचं असो, मुसलमानांचं असो, बाईचा हात तिच्या हातात असतो, आणि हात भरेपर्यंत बाईला जागचं हलता येत नाही. लालबीला जालन्यातली घरं आतून माहीत होती.

पहिलं घर चतुराबाईंचं, कापसाच्या अडत्याची बायको. बांगड्या भरता भरता लालबीने पोरीची सगळी हकिकत सांगितली. तांब्याभर दूध आलं, प्रेमलापुढे दशमी आली. तारेचं ऐकून चतुराबाई म्हणाल्या, "तार कशाला? आमच्यात फोन हाय." त्यांच्या यजमानांनी परभणीच्या अडत्याला फोन करून मामाला निरोप धाडला. जाताना त्या म्हणाल्या, "पोरी, आमचा लंबर लिहून घे. कधीबी काही लागलं तर लाजू नको." प्रेमलाने कागदाच्या मागे लिहिलं, जालना २३. कोयनेल कंपाउंडरच्या घरच्या मागल्या दारातून मिळालं.

राहिली ट्रंक. लालबी तिला करोडगिरीतल्या कारकुनाच्या घरी घेऊन गेली. त्याची बायको खुर्शीद पडद्यातली, नणंदेच्या लग्नासाठी चुडा भरायचा म्हणून लालबीची वाटच पाहत होती. लालबीने उजवा हात मनगटापासून भरत आणला, अगदी निवांत. मग टोपलीवर फडकं टाकलं.

"आणि डावा?" खुर्शीदने विचारलं.

"डावा मंग. आधी या पोरीच्या ट्रंकेची चिठ्ठी."

"अगं, एक हात भरून दुसरा रिकामा ठेवतात का? अपशकुन आहे तो."

"म्हनून तर जल्दी करा म्हनते. तिची माय तिकडं तापानं फणफणून राह्यली."

खुर्शीद आधी चिडली, मग हसायला लागली. कारकून नमाज आटोपून जेवायला आला तर बायको माजघराच्या पडद्याआड एक हात भरलेला, एक उघडा धरून बसलेली. आज सुट्टी आहे, शिक्का कचेरीत आहे, असं तो दोनदा म्हणाला. पडद्यामागून डावा हात तेवढा बाहेर आला. तो तसाच उठला, कचेरीच्या चौकीदाराला घेऊन कुलूप काढलं, जकात भरून घेतली आणि चिठ्ठी दिली. मगच लालबीने डावा हात भरला.

इकडे दोन वाजून गेले होते. सुहासिनी भिंत धरधरून फाटकापर्यंत आली होती. ऊन डोळ्यांत घुसत होतं, आणि रस्त्यावरची प्रत्येक लहान मुलगी तिला प्रेमला वाटत होती. मग डोक्यावर ट्रंक घेतलेला हमाल दिसला, त्याच्यामागे टोपली, आणि सगळ्यांच्या पुढे, हातात कागद, प्रेमला. चारही ओळींवर फुल्या होत्या.

लालबीने सुहासिनीला पहिली कोयनेलची गोळी स्वतः दिली. संध्याकाळी गाडी यायच्या आधी प्रेमलाचे हात हिरव्या बांगड्यांनी भरले. सुहासिनी पैसे काढू लागली तशी लालबी म्हणाली, "ठेवा. दिवसभर टोपली धरली पोरीनं, तिची मजुरी हाय ही."

बांगड्या भरल्यावर मण्यारणीला नमस्कार करायची रीत सुहासिनीला माहीत होती. कॉलेजात गेल्यापासून ती तिने सोडली होती. त्या दिवशी तिने वाकून केला.

त्यानंतर दर संक्रांतीला पुंजारामच्या मोटारीने प्रेमलासाठी गवतात गुंडाळलेलं बांगड्यांचं पुडकं येई. लालबी दरवर्षी अंदाजाने एक माप मोठं पाठवी आणि ते बरोबर बसे. यंदा नाकाबंदी होती. मोटार नव्हती, पुडकंही नव्हतं.

जेवणं झाल्यावर सुहासिनीने पेटीच्या तळातून प्रेमलाचा तो चार ओळींचा कागद काढला. प्रेमला पाठीशी येऊन उभी राहिली. चौदाव्या वर्षी ती आईच्या खांद्याला लागली होती.

"चतुराबाई सांगतील," ती म्हणाली. "त्यांना माहीत असणारच."

"आणि काही वाईट सांगितलं तर?"

"मला पाठवलंस तेव्हा तुला माहीत होतं का, मी परत येईन म्हणून?"

सुहासिनीने कागद उलटून मागचा नंबर पाहिला. उषा मागचं आवरत होती. भांडी घासायचं न थांबवता ती नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "वन्सं, माझं डोहाळजेवणाचं लुगडं त्याच ट्रंकेत होतं ना?"

मार्तंड ओट्यावर मुलाला मांडीवर घेऊन बसला होता. तो रस्त्याकडेच पाहत म्हणाला, "ट्रंक कॉल लागायला वेळ लागतो, ताई. पोस्टात जायचं तर आत्ताच नीघ."

तिने पदर सारखा केला आणि कागदाची घडी मुठीत घेतली. प्रेमलाने चपला पुढे सरकवल्या. पोस्टातल्या माणसाला काय सांगायचं ते सुहासिनी मनात म्हणून पाहत होती. जालना, तेवीस. चतुराबाईंना बोलवा म्हणावं. मस्तगडच्या लालबी मण्यारणीचं विचारायचं आहे, आणि ती असेल तर बुलढाण्याचं घर तिच्यासाठी उघडं आहे, हेही सांगायचं आहे.