अप्पांच्या दोन अटी

शिवलीला उचगावातल्या एका शाळेत गणित शिकवायची. असमानतेचा धडा आला की तिचा आवाज रस्त्यापलीकडं जायचा. "पोकळ वर्तुळ म्हंजे तो आकडा भाईर! भरलं की आत! एवढं बी कळंना व्हय रं?" पोरं माना डोलवायची आणि पेपरात सगळी वर्तुळं पोकळ ठेवून यायची.

अशा बाईचं लग्न असमानतेतच अडकावं! वडील मल्लाप्पा, म्हणजे अप्पा, हार्डवेअरचे दुकानदार. खिळ्यांच्या भावात घासाघीस चालेल, शब्दात नाही. ती पंचविशीची असताना त्यांनी जाहीर केलं होतं, नवरा पोरीपेक्षा मोठा पाहिजे आणि पस्तीसच्या वर नको. मग स्थळं आली, पोहे झाले, कुठं नाक नडलं, कुठं आत्या. शिवलीला पस्तीसची झाली, अटी जागच्या जागी ठणठणीत.

आणि तिला सोमेश हवा होता. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला, एकतीस वर्षांचा, तिच्या बडबडीवर पोट धरून हसणारा. तो नसेल तर कुणीच नको, असं तिनं ठरवून टाकलं होतं. अप्पांनी वय ऐकलं आणि म्हणाले, "धाकटा? न्हाय जमायचं."

रविवारी तिनं दुकानातलीच प्लायवूडची फळी ओढली आणि खडूनं संख्यारेषा काढली. पस्तीसवर पोकळ वर्तुळ. "ही तुमची पयली अट. माझ्यापेक्षा मोठा, म्हंजे हितनं उजवीकडं." त्याच्याच खाली, पस्तीसवरच, भरीव टिंब. "ही दुसरी. पस्तीसपत्तोर, म्हंजे हितनं डावीकडं. आता दोन्हीत बसणारा दावा."

अप्पांनी चष्मा वर सरकवला. बोट रेषेवरून गेलं, परत आलं. "मदी कायच न्हाय की."

"व्हय. ह्याला उकलच न्हाय. आन् तुमी ह्यात जावई हुडकताय."

अप्पा भडकले. "रीत हाय ती! नवरा मोठाच असतोय!"

डबा घेऊन आलेली तिची आई, अव्वा, दारातूनच बोलली, "मी तुमच्याहून दोन वर्सांनी मोठी हाय की."

हे अप्पांना लग्नापासून ठाऊक होतं. सोयीचं नव्हतं म्हणून आठवत नव्हतं, इतकंच. बिजागऱ्या मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते "पावणं, थांबा जरा" म्हणून खेकसले आणि पुन्हा फळीकडं वळले.

मग तळव्यानं पोकळ वर्तुळ पुसलं. "तुझा सोमेश कुठं बसतोय?"

तिनं एकतीसवर खूण केली. अप्पांनी खडू घेतला आणि पस्तीसपासून डावीकडं रेघ ओढत सुटले, एकतीस मागं टाकून पार पुढं. मधेच दचकून थांबले. "एकवीसच्या आत मातूर नको. कायदा हाय." तिथं त्यांनी वर्तुळ काढलं. "एकवीस चालतोय न्हवं?"

"चालतोय, अप्पा."

त्यांनी वर्तुळ भरलं. इतकं दाबून, की खडू मोडला.

शिवलीलानं मोडलेला तुकडा उचलून मुठीत ठेवला. इतक्या वर्षांत तिनं न ओरडता कुणी वर्तुळ भरलं नव्हतं.