कुलपाआड झोपलेली माणसं

चाकणला एसटीतून उतरलो आणि आधी कांद्याचा वास भेटला, मग माणसं. बाजारतळावर गोण्यांचे डोंगर लागले होते, हमाल एकमेकांना शिव्या देत हसत होते, आणि मी ट्रंक सांभाळत तोंड उघडं ठेवून बघत उभा होतो. दुष्काळ नुकताच मागे पडला होता. हिवताप मात्र पुन्हा डोकं वर काढत होता. पुण्याकडं घरोघरी तपासणी कशी चालते ते शिकून यावं, म्हणून आमच्या माणदेशातल्या दवाखान्यानं मला, नव्या आरोग्यसेवकाला, पाठवलं होतं.

या प्रवासातली एक गोष्ट मी परतल्यावर कुरणवाडीच्या पारावर रंगवून सांगितली होती. ती अर्धी होती. त्या अर्ध्या गोष्टीनं आमच्याच वाडीच्या सदाशिवचं नाव गावात खराब झालं. माझं वय झालंय, आता ती पुरी लिहितो.

चाकणच्या आसपासच्या वाड्यांत मी युसूफभाईंबरोबर हिंडलो. युसूफभाई तिथलेच, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, हिवतापाच्या कामात मुरलेले. त्यांनी अंगणातून हाक मारली की घरचं माणूस बाहेर यायचं. थंडी वाजून ताप आला असेल, तर बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, कडू गोळ्या द्यायच्या आणि भिंतीवर गेरूनं तारीख टाकायची. दुपारी कुणाच्यातरी ओसरीवर भाकरी, ठेचा, कांदा. मी खूश होतो. इतकं सोपं असेल तर आमच्याकडं वर्षभरात हिवताप पळवू, असं मी युसूफभाईंना सांगितलं. ते म्हणाले, “राव, अजून कारखान्यांकडं गेला नाहीस.”

दुसऱ्या आठवड्यात आम्ही पिंपरीकडं सरकलो. काय तो देखावा! भोंगा झाला की सायकलींचा लोंढा रस्त्यावर यायचा, निळे कपडे, हँडलला डबे, घंट्यांचा नुसता गजर. कोकणातले, मराठवाड्यातले, आमच्याकडचे, सगळे एकाच रस्त्यानं निघालेले. रहाटणीत शेतकऱ्यांनी ज्वारीच्या शेताकडेला पत्र्याच्या खोल्या बांधून कामगारांना भाड्यानं दिल्या होत्या. सकाळी दहाच्या सुमाराला अशाच एका रांगेपाशी पोचलो, तर दार न् दार कुलूपबंद. युसूफभाईंनी प्रत्येक दाराशेजारी गेरूनं ‘कु’ लिहिलं आणि पुढे निघाले. कुलूप म्हणजे घरात कुणी नाही. खात्याची रीतच तशी होती.

माझ्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून मी तिथंच एका उंबऱ्यावर टेकलो. पाठीमागं खाट करकरत होती. कुलूप लावलेल्या खोलीत. मी दाराला कान लावला. आतून दात वाजल्याचा आवाज आणि मग हाक आली, “सदा, पानी दे रं.”

मी ओरडून युसूफभाईंना परत बोलावलं. गोठ्यातून खोल्यांची मालकीण, पार्वतीमावशी, हात पुसत आली. आम्हीच येडे असल्यासारखं तिनं आमच्याकडं पाहिलं.

“रातपाळीवाला झोपलाय आत. त्याचा जोडीदार सकाळच्या पाळीला जाताना बाहीरनं कुलूप घालतो.”

“आत माणूस असताना?” मी विचारलं.

“मंग? कुलूप नसलं तर दिसभर कोन ना कोन कडी वाजवतंय. भंगारवाला, दूधवाला, आन् आता तुमी. पोरांनी झोपायचं कवा?”

युसूफभाई रांगेतल्या सगळ्या ‘कु’कडं बघत राहिले. महिनोन्महिने रिकामी म्हणून सोडलेल्या खोल्यांत माणसं झोपलेली होती, आणि त्यांचा तापही.

मी खिडकीच्या फटीतून नाव विचारलं. बाळू, गाव कुरणवाडी. तीन घरं पलीकडचा बाळू! किल्ली त्याच्या जोडीदाराकडं, सदाशिवकडं, आणि सदाशिव कारखान्यात. कुलूप तोडू म्हटलं, तर बाळूच आतून विनवू लागला, तोडू नका, सदाला बोल लागंल. मावशी फटीतून पाणी देते म्हणाली आणि आम्ही सायकलवर कारखान्याकडं निघालो, युसूफभाई पायडल मारताहेत, मी कॅरिअरवर, एका पायात चप्पल.

फाटकावरचा वॉचमन हलेना. पाळी सुटल्यावर या, लायनीवरून माणूस काढता येत नाही, हेच पालुपद. युसूफभाईंनी आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, “मामा, तुमच्या खोलीला आत्ता कुलूप आहे का?”

वॉचमन म्हणाला, “हाय. धाकटा भाऊ झोपलाय.”

“तो आत तापानं फणफणला तर किल्ली कुठं आहे?”

वॉचमननं खिशावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं फोन उचलला.

सदाशिव तेलकट हातांनी धावत आला. किल्ली करगोट्याला बांधलेली. ती देऊन तो परत जाईल असं मला वाटलं, पण तो सायकलीच्या दांडीवरच बसला. तिघांना घेऊन सायकल चढाला लागली तेव्हा युसूफभाई धापा टाकत म्हणाले, “भावा, ही सायकल हाय, एसटी न्हाई.” सदाशिवला हसू आलं नाही.

दार उघडलं. उशाशी तांब्या होता, लवंडलेला. बाळूच्या अंगावर दोघांची पांघरुणं होती, आणि कपाळावरचं फडकं वाळून कडक झालं होतं. सदाशिवनं वाटेत सांगितलं होतं, की सकाळी ताप उतरला तेव्हा बाळूनंच कुलूप घालायला लावलं. बाळू टेंपरवारी (कायम न झालेला) होता. आजारी म्हणून खाडे पडले तर कामावरून काढतील ही भीती, म्हणून दोघांनी दिवसाआडचा ताप लपवला. रक्त घेतलं, गोळ्या दिल्या आणि मावशीच्या बैलगाडीतून त्याला दवाखान्यात नेलं. दोन दिवस सदाशिव तिथून हलला नाही.

पुढचे दिवस माझ्या नोकरीतले सर्वांत झकास. डॉक्टरांना आम्ही सगळं सांगितलं आणि तपासणीची वेळ बदलली. पाळी सुटताना फाटकाबाहेर टेबल मांडलं. रांगेत चेष्टा चालायची, “या बोटाला नको रे, यानंच बटन दाबतो,” आणि मागून कुणीतरी, “दाब दुसऱ्यानं, कंपनीला काय कळतंय!” खोल्यांपाशी आता कुलूप दिसलं की मावशीला विचारायचं, आत कोण हाय. कितीतरी ताप सापडले, वेळेवर सापडले. आमच्या तालुक्यात काय काय करायचं याचे बेत करत मी परत निघालो.

गावी मात्र मी आधी पार गाठला. कुलूप, आतली हाक, एका चपलेनिशी केलेली धावपळ, सगळं सांगितलं. लोक हसले, माझी पाठ थोपटली. आठवड्याभरात गोष्ट अशी झाली, की सदाशिवनं जोडीदाराला तापात कोंडलं. त्याची ठरत आलेली सोयरीक मोडली. मी कुणालाच थांबवलं नाही, कारण त्या गोष्टीत मी मोठा दिसत होतो. सदाशिव नंतर गावाकडं फिरकला नाही.

पिंपरीहून निघताना मी दवाखान्यात बाळूला भेटलो होतो. उठून बसला होता, चहात पाव बुडवून खात होता. आईला काय सांगू विचारलं, तर म्हणाला, “सांगा, मी बरा हाय. आन् सदा हाय म्हनून हाय.”

त्यातलं पहिलं वाक्य मी त्याच्या आईला त्याच दिवशी सांगितलं. दुसरं आज सांगतो आहे.