सगुणाबाईंचं पान

आज सर्वपित्रीला आम्ही ज्या बाईसाठी पान वाढलं, ती आमची कुणीच लागत नव्हती.

ना आडनाव एक, ना गाव एक.
तरी आमच्या घरात सगुणाबाईंचं पान कधी चुकत नाही.

त्या परळच्या सुईण. गोष्ट अठराशे नव्वदच्या दशकातली, मुंबईत प्लेग आला तेव्हाची. आजीने सांगितलेली.

चाळीत माझ्या खापरपणजीला कळा सुरू झाल्या होत्या. तिची मोठी जाऊ आदल्याच वर्षी बाळंतपणानंतर तापाने गेली होती.
अँटिबायोटिक हा शब्दच तेव्हा नव्हता. बाळंतिणीला ताप चढला की घरचे फक्त देवाला हात जोडायचे.

सगुणाबाई आधी इस्पितळात आया होत्या. बाळंतिणीला शिवण्याआधी कार्बोलिकच्या, म्हणजे उग्र वासाच्या जंतुनाशकाच्या पाण्याने हात धुवायचे, हे तिथे शिकलेल्या.

लोचा इथेच झाला.
सरकारची प्लेगची माणसं, म्हणजे प्लेगवाले, घरं धुवायचे तेही कार्बोलिकनेच, आणि घरातला आजारी माणूस उचलून न्यायचे. तो वास आला की अख्खी चाळ दारं लावून घ्यायची.

खापरपणजीच्या सासूने बाईंना उंबरठ्यावरच अडवलं.
"ह्यो वास प्लेगवाल्यांचो. तू भायरच रव."

"वास आहे म्हणूनच आत येते," सगुणाबाई म्हणाल्या. "बिनवासाची सुईण हवी तर दुसरी बघा."

आतून खापरपणजी ओरडली, "येवंदेत तिका. माका जावेसारखा मरुचा नाय."

सून सासूला पहिल्यांदाच उलटून बोलली. आमच्याकडे हे अजून कौतुकाने सांगतात.

मुलगा झाला. माझे पणजोबा.
सगुणाबाई रोज येत, हात धुवून नाळ बघत. ताप आला नाही.

बारशाला तीच सासू दारात उभी. बाळ घ्यायचं तर आधी हात हुंगायला द्यायचा.
"वास नाय? मगे जा, धुवन ये."

ती खोड आमच्यात आजही आहे. यंदा माझ्या लेकीच्या वेळी आईने माझ्या नवऱ्याच्या बॉसचेसुद्धा हात हुंगले.

सिझरनंतर मला ताप भरला होता. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, उतरला. लेकीला कुशीत घेऊन पडले होते तेव्हा सारखी सगुणाबाईंची आठवण येत होती. या बाईने नुसत्या वासाच्या पाण्यावर आमचं घर राखलं. मला फार अभिमान वाटतो तिचा.

आज पान मी वाढलं.
आधी हात धुतले आणि आईपुढे धरले. तिने हुंगले.
"वाढ," म्हणाली.

सगुणाबाई, हात स्वच्छ आहेत. पोटभर जेवा.