शब्द पुरवायचा नाही

अक्का गेल्याचा फोन दाजींनी केला. मी दवाखान्यातून अंघोळीपुरती बारामतीतल्या आमच्या घरी आले होते, कुकर नुकताच चढवला होता. "कमल, तुझी अक्का..." एवढंच ते बोलले आणि पुढं नुसता त्यांचा श्वास ऐकू येत राहिला. मी गॅस बंद केला आणि तिथंच फरशीवर बसले. महिना उलटून गेला, अजून त्या ओट्यापाशी उभं राहिलं की रडू फुटतं.

अक्का माझी थोरली बहीण. दाजी वालचंदनगरला कंपनीत फिटर होते, त्यामुळं तिची उमेदीची वर्षं तिथल्या क्वार्टरमध्ये गेली. शेजारी एक तमिळ कुटुंब होतं. त्या बाईंना मराठी येईना, हिला तमिळ कळेना, हिंदीत दोघींची बोंब. उरलं इंग्रजी, तेही दोघींचं मोडकंतोडकं. पण कुंपणावरून ताक द्यायचं आणि सांबार घ्यायचं तर बोलणं भाग होतं. अक्काचा शब्द अडला की ती शेजारीण मध्ये बोलायची नाही, वाटी हातात धरून शांत उभी राहायची. अक्का पुढं कितीदा तरी म्हणायची, "तिला घाई असती ना कमे, तर मी जल्मात बोलले नसते बघ."

दाजी निवृत्त झाल्यावर दोघं आपल्या गावी, बावड्याला आली आणि घराच्या पुढच्या खोलीत अक्कानं इंग्रजी बोलायचा वर्ग सुरू केला. लोणी देवकरच्या कारखान्यांत नोकरी बघणाऱ्या पोरी यायच्या, गावातल्या काही सुना यायच्या, सुट्टीच्या दिवशी बारामतीहून मीही जायची. व्याकरणाच्या पुस्तकाला तिथं थारा नव्हता. साहेबाकडं रजा कशी मागायची, डॉक्टरला दुखणं कसं सांगायचं, इंग्रजीतून फोन आला तर घाबरून कट करायचा नाही, असलं सगळं. आणि कायदा एकच. कुणी बोलताना अडलं तर शब्द पुरवायचा नाही, सगळ्यांनी हसऱ्या तोंडानं थांबायचं. मला ते थांबणं भारी जड जायचं. मी तोंड उघडलं की अक्का डोळे वटारायची, "तिच्या तोंडातला घास हाय तो, तू कशाला चावतीस?" टायरच्या दुकानवाल्यांची नसीम एकदा आईविषयी बोलायला उभी राहिली. "माय मदर..." म्हणाली आणि गाडी अडली. आई शिवणकाम करते, त्याला काय म्हणायचं ते आठवेना. कान लालबुंद झाले. बाहेरून उसाच्या दोन ट्रॉल्या गाणी वाजवत गेल्या तरी आम्ही आपल्या थांबलेल्याच. शेवटी पोरगी म्हणाली, "माय मदर, मशीन, क्लॉथ. शी मेक ब्लाउज!" अक्कानं टाळ्या पिटल्या. "आलं की! समजलं का न्हाय सगळ्यांना?" तीच नसीम आता कारखान्यातून परप्रांतातल्या गिऱ्हाइकांशी फोनवर इंग्रजीत भांडते.

आणि अशा बाईची वाचाच गेली. दिवाळीनंतर अर्धांगाचा झटका आला, उजवा हात-पाय लुळा पडला आणि शब्द गेले. तिला कळायचं सगळं, पण ओठांवर काही यायचं नाही. भेटायला येणारे भडिमार करायचे, "चहा पायजे का? पाणी? उशी देऊ का?" ती डावा हात पलंगावर आपटायची. तिला काय हवंय ते कळलं फक्त तिच्या वर्गातल्या पोरींना. त्या पलंगाभोवती बसल्या, नसीमनं विचारलं, "हाउ आर यू, बाई?" आणि सगळ्या गप्प बसल्या. किती वेळ गेला कोण जाणे... मग अक्काच्या तोंडून आलं, "फ... फाइन." पोरींनी घर डोक्यावर घेतलं. दाजी टॉवेलात तोंड खुपसून रडले. आता हळूहळू सगळं परत येईल, असंच आम्हाला वाटलं होतं.

पण दुसरा झटका आला आणि तिला बारामतीच्या दवाखान्यात हलवावं लागलं. शेवटच्या दुपारी दाजी शहाळं आणायला खाली गेले होते. अक्कानं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. "सांग..." म्हणाली. पुन्हा, "सांग..." मी थांबले. तिनंच शिकवलं होतं तशी, हसऱ्या तोंडानं. तिचे ओठ हलत राहिले, कपाळावर घाम आला, मग डोळे मिटले. दमली असेल, उठल्यावर बोलेल, असं धरून मी दाजी आल्यावर अंघोळीला घरी गेले. ती उठलीच नाही. मी चार शब्द पुढं केले असते तर एखाद्यावर तिनं मान हलवली असती. तिच्या वर्गातली सगळ्यात उतावळी विद्यार्थिनी मी, आणि नेमकी त्याच दिवशी शहाण्यासारखी वागले.

परवा बावड्याला गेले. वर्गाच्या खोलीत खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या, दाजी खाली सतरंजीवर बसलेले. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "कमल, मी शहाळं आणाया गेलो तवा ती काय बोलली व्हती का?"

"सांग म्हणाली, दाजी."

ते माझ्याकडं बघत राहिले. शेवटी त्यांच्यानं राहवलं नाही. "माझ्याबद्दल काय म्हणली का गं?"

"म्हणाली की. त्यांना सांग, जेवायला हयगय करू नका."

"एवढं सगळं बोलली?"

"एका दमात."

दाजींनी डोळे पुसले. "बघ," ते म्हणाले, "मी म्हणत व्हतो का न्हाय, तिला बोलता येणार म्हणून!" मग गुडघ्यावर हात टेकून ते उठले आणि कितीतरी दिवस भाकरीला धड न शिवलेले दाजी स्वतःच ताट वाढून घेऊन माझ्यासमोर बसले.