दिव्याखालचं बोट

नूराला काहीही सांगा, ती आधी म्हणायची, "दिव्याला विचारू." दिवा म्हणजे आमचा जांभळ्या उजेडाचा हातदिवा. रियाधच्या प्रयोगशाळेतून उपग्रह उड्डाणाला धाडण्यापूर्वी अंधार करून तो त्याच्या अंगावर फिरवायचा. एरवी न दिसणारा डाग त्यात चमकतो. मी "स्वच्छ आहे" म्हटलं, तरी ही दिवा घेऊन हजर.

मला ती खाला म्हणायची, म्हणजे मावशी. ही मावशी तेव्हा पन्नाशीची, पुण्याची इंजिनिअर आणि नाक सदा वर. कंपनीनं बजावलं होतं, आता कामं सौदी मुलींना द्यायची. नूरा तयार झाली की तुम्ही मोकळ्या. नूरा कच्ची राहिली तर मात्र माझा इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, वाढणार. मग मावशी शिकवणार किती? अर्धं. वर घरी नवऱ्याला सांगणार, "पोरगी मठ्ठ आहे हो." आणि ती मठ्ठ पोरगी मला वेलचीचा गहवा, म्हणजे त्यांची कॉफी, ओतून देत म्हणायची, "खाला, उरलेलं उद्या सांगाल ना?"

उपग्रह पेटीत भरायच्या दिवशी मला भक्तीचा उमाळा आला. लेक सासरी निघाली, हळद नको? आसपास कोणी नाहीसं बघून मी हातमोजा काढला आणि त्याच्या पायाशी हळदीचं बोट टेकवलं.

शेवटच्या तपासणीला साहेब जातीनं आले. अंधार झाला, नूराचा दिवा फिरला आणि माझा ठसा पिवळाजर्द लखलखला.

"हे कुणाचं?" साहेबांनी विचारलं.

"हिची मेंदी असेल," मी पटकन म्हणाले. "बहिणीचं लग्न झालंय ना हिच्या."

नूरानं हातमोजा काढून मेंदीचा तळवा दिव्याखाली धरला. तो काळाच राहिला.

"खाला, आता तुमचा."

माझं बोट काजव्यासारखं पेटलं. बाकीची मी अंधारात होते, तेवढीच देवाची कृपा.

"कशासाठी, खाला?"

"सुखरूप जावा म्हणून."

तिनं स्पिरिटनं आधी उपग्रह पुसला, मग माझं बोट. "दुआ तोंडानं करायची," ती हळूच म्हणाली. आणि साहेबांना म्हणाली, "डाग खालाचा आहे. पण डाग शोधायला मला शिकवलं तेही खालानंच."

यातलं दुसरं वाक्य अर्धंच खरं होतं. ते आम्हा दोघींनाच ठाऊक.

उपग्रह नूराच्या सहीनं गेला. माझा इकामा वाढला नाही. निघताना तिनं मला तसलाच एक छोटा दिवा दिला. हल्ली नात तो घेऊन स्वयंपाकघरभर हिंडते. "आजी, बोट दाखव," म्हणते.

फोडणी टाकून झालेली असते. मी हात पदराआड नेते.