कामगिरीचा रकाना

२ जानेवारी २०२२, रविवार. रक्कम अठरा हजार रुपये, रोख. हजर चौघे: मी, माझी पत्नी, आमची चौदा वर्षांची मुलगी आणि तिचे फुटबॉलचे प्रशिक्षक. जागा, सीवूड्समधल्या आमच्या घराची बाहेरची खोली.

पैसे वर्षभराच्या प्रशिक्षणाचे होते. देताना मी एक अट घातली. डिसेंबरअखेरपर्यंत मुलीची जिल्ह्याच्या संघात निवड झाली तर खेळ पुढे चालू. नाही झाली तर बंद, कारण त्यानंतर दहावीची तयारी सुरू होणार. प्रशिक्षक खाडीकाठच्या गावातले, स्वतः जुने खेळाडू. चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "दादा, पोर गोलकीपर हाय. गोलकीपरला वरीस कमी परतं." मी म्हणालो, कमी पडलं तरी वर्ष म्हणजे वर्ष. मुलगी मान खाली घालून "चालेल" म्हणाली. तिने दोन वर्षं खेळून हातमोज्यांचे तीन जोड फाडले होते, आणि अट मान्य करण्याशिवाय तिच्याकडे दुसरा पर्याय नव्हता.

मी वाशीच्या एपीएमसी मार्केटात एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. सव्वीस वर्षं झाली. गाडी उतरली की पोती काट्यावर चढतात. पोतं भरल्या वजनाचं असेल तर कोणी काही बोलत नाही. कमी भरलं तर तोलणारा आकडा ओरडतो आणि मी तो चिठ्ठीवर उतरवतो. दिवसाअखेर माझ्यापुढे फक्त तुटीचे आकडे असतात. बाकीची पोती बरोबर आहेत हे गृहीत असतं. हे इथे सांगतो, कारण पुढे जे झालं ते या सवयीतून झालं.

त्या जानेवारीत आशियातल्या महिला संघांची स्पर्धा आपल्या भागात भरली होती. भारताचा पहिला सामना नेरूळला झाला, आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. आम्ही तो टीव्हीवर पाहिला. शून्य-शून्य. दुसऱ्या सामन्याच्या दिवशी कळलं की इतक्या मुलींना कोरोना झालाय की संघच उभा राहत नाही. सामना रद्द झाला आणि भारत स्पर्धेबाहेर गेला.

"हरल्या पण नाहीत," मुलगी म्हणाली. ती खेळायचे बूट घालून सोफ्यावर बसली होती. निर्बंधांमुळे तिचा स्वतःचा सरावही तेव्हा अर्धाच चालू होता. पत्नीने तिला बूट काढायला सांगितले नाहीत, याचं मला नवल वाटलं.

मार्चपासून सामने सुरू झाले. नेरूळ, वाशी, खारघर, कधी उलवे. रविवारी मी प्रत्येक सामन्याला जायचो आणि पायरीवर बसून वहीत टिपून ठेवायचो. तारीख, मैदान, किती गोल खाल्ले. मुलीला वही दिसायची. गोल झाला की ती जाळ्यातून चेंडू काढायच्या आधी एकदा माझ्याकडे बघायची. मला वाटायचं, वडील आलेत म्हणून बघते.

ऑगस्टमध्ये जगाच्या फुटबॉल संघटनेने भारतावर बंदी घातली. इथल्या फुटबॉलचा कारभार बाहेरच्यांच्या हातात गेला, असं कारण होतं. ऑक्टोबरात सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक भारतात व्हायचा होता, अंतिम सामना नेरूळला. तो आता होणार की नाही ते कळेना. बाजारात हिशेबनिसाला सगळे मेहताजी म्हणतात. पोती उचलणारा एक माथाडी मला म्हणाला, "काय मेहताजी, तुमच्या पोरीच्या खेळाला तर जगानेच टाळं ठोकलं!" दुसरा म्हणाला, "बरं झालं की. मेहताजींना तेच पायजे होतं, फुकटात काम झालं." सगळे हसले. मीही हसलो. बंदी अकरा दिवसांनी उठली. त्या अकरा दिवसांत मुलगी रोज पहाटे एकटी खाली जाऊन सोसायटीच्या भिंतीवर चेंडू मारून अडवत होती. तळमजल्यावरच्या काकूंनी तक्रार केली, तेव्हा कुठे मला ते कळलं.

सप्टेंबरात जिल्ह्याची निवड चाचणी होती. तिने अर्ज भरायला घरी आणला. माझं अक्षर चांगलं, म्हणून ती म्हणाली, "पप्पा, तुम्हीच भरा, मी सही करते." नाव, जन्मतारीख, रक्तगट. शेवटी एक रकाना होता: कामगिरी. मी वही उघडली, बेरीज दोनदा तपासली आणि लिहिलं: सामने १४, स्वीकारलेले गोल ३७. तिने सही केली तेव्हा क्लासला जायची घाई होती. तिने वाचलं नाही.

निवड झाली नाही. यादी लागली त्या दुपारी प्रशिक्षकांचा फोन आला. निवड समितीच्या टेबलावर त्यांनी अर्ज पाहिला होता.

"दादा, तो रकाना कोनी भरला?"

"मी."

"आसं कोन लिवतं? लोकं तिथं कौतुक लिवतान. 'उत्कृष्ट' लिवतान, 'कप्तान' लिवतान. तुमी सोताच्या पोरीचा पंचनामा केलाव!"

"खोटं काय लिहिलं मी?"

ते म्हणाले, "खोटा नाय. पन तिनं आडवलं किती, ते कुठं हाय?"

मी वही चाळली. ते कुठेच नव्हतं. त्यासाठी मी रकानाच आखला नव्हता.

निवड माझ्यामुळे हुकली की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. प्रशिक्षक म्हणाले, घेतलेली मुलगी उंच होती, चांगलीही होती. पण मुलीला अर्जाचं कळायचं ते कळलंच. तिने आरडाओरडा केला नाही. जेवताना ताटाकडे बघत म्हणाली, "त्यातल्या पाच सामन्यांना आम्ही नऊच जणी होतो. ते लिहिलंत?"

"नाही."

"खारघरला पेनल्टी अडवली होती मी. तुमच्या समोर."

पत्नी म्हणाली, "जेव आधी." माझ्याकडे तिने पाहिलं नाही. पेनल्टी मला आठवत होती. तेव्हा मी टाळ्याही वाजवल्या होत्या. वहीत त्या सामन्यासमोर २ एवढाच आकडा होता.

ऑक्टोबरात विश्वचषक झाला. भारताच्या मुली तिन्ही सामने हरल्या: आठ, तीन आणि पाच. बेरीज सोळा, आपला गोल एकही नाही. ते सामने मुलीने आतल्या खोलीत दार लावून मोबाइलवर पाहिले. मी बाहेर टीव्हीवर. एकाच घरात एकच सामना आम्ही दोन ठिकाणी पाहत होतो आणि तिच्या मोबाइलवर गोल माझ्यापेक्षा थोडा उशिरा व्हायचा. मला आधी कळायचं आणि मग मी दाराकडे बघत बसायचो.

३० ऑक्टोबरच्या अंतिम सामन्याला प्रशिक्षक सगळ्या मुलींना घेऊन गेले. पालकांतून मी गेलो. स्पेन आणि कोलंबिया. बराच वेळ शून्य-शून्य होतं. सामना संपायला आठेक मिनिटं उरली असताना कोलंबियाच्याच एका मुलीकडून चेंडू स्वतःच्या जाळ्यात गेला. तेवढ्यावर विश्वचषक ठरला. माझ्या मुलीपेक्षा ती दोन-तीन वर्षांनी मोठी असेल.

मुलगी माझ्या शेजारी होती. महिनाभरात तिने मला पहिल्यांदा आपणहून काही विचारलं. "पप्पा, हिच्या कामगिरीत काय लिहाल?"

आता वाटतं, गप्प बसायला हवं होतं. पण विचारलेल्याचं उत्तर द्यायची मला सवय. मी म्हणालो, "स्वयंगोल, एक."

ती उठली आणि दोन रांगा खाली तिच्या मैत्रिणींमध्ये जाऊन बसली. प्रशिक्षकांनी ऐकलं होतं. ते मैदानाकडे बघत म्हणाले, "दादा, तुमी बाजारात शोभता." पुढची आठ मिनिटं मी त्या कोलंबियाच्या मुलीवर नजर ठेवली. ती किती वेळा धावून आली, किती वेळा चेंडू काढला, ते मोजायचा प्रयत्न केला. नऊपर्यंत मोजलं आणि शिट्टी झाली. त्याआधीच्या ब्याऐंशी मिनिटांचं माझ्याकडे काहीच नव्हतं.

डिसेंबरात पुरुषांचा विश्वचषक संपला. अंतिम सामन्यात अर्जेंटिनाच्या गोलरक्षकाने तीन गोल खाल्ले. मग जादा वेळेच्या अगदी शेवटी पाय पसरून एक अडवला, आणि पेनल्टीवर संघ जिंकला. या वेळी मुलगी बाहेर येऊन बसली होती. तो चेंडू अडला तेव्हा ती सोफ्यावर उभी राहिली, ती शेवटच्या पेनल्टीपर्यंत. मी टीव्ही बंद केला आणि ठरवलेलं बोललो. "अटीचं राहू दे. तू खेळ. दहावीतही खेळ."

तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. ती सावकाश खाली बसली.

"खेळेन," ती म्हणाली. "पण तुम्ही यायचं नाही."

"वही आणणार नाही मी."

"वही नाही आणली तरी तुम्ही मोजताच, पप्पा. मला तिथून दिसतं."

पत्नी म्हणाली, "अगं, असं काय बोलतेस त्यांना?"

"आणि घरी आल्यावर विचारायचं पण नाही. किती झाले, असं."

मी तिला हो म्हटलं. शब्द दिला की पाळतो, हे तिला माहीत आहे. म्हणून तिने पुन्हा विचारलं नाही. तेव्हापासून तिच्या एकाही सामन्याचा आकडा मला माहीत नाही. रविवारी दुपारी ती येते, हातमोजे बाल्कनीत वाळत घालते, आणि मी पेपर वाचतो.

१ जानेवारी २०२३, रविवार. प्रशिक्षकांना दुसऱ्या वर्षाचे वीस हजार रुपये दिले, एकरकमी. पैसे मी मोजून पाकिटात भरले आणि मैदानावर पत्नीने नेऊन दिले.